कणीस, घंटा, रुमाल

८ ऑगस्ट, मंगळवार

या गावात आज एक अन्याय घडला. इतिहासात त्याची नोंद राहावी, एवढ्यासाठी ही दैनंदिनी पुन्हा उघडली आहे. स्टेडियमच्या पत्रकार-कक्षात चिलीच्या वाडग्याबरोबर मिळणारा दालचिनीचा रोल यंदापासून अर्धा झाला आहे. सुरीनं मधोमध कापलेला, जणू दोन भावांत वाटणी झालेला. या मुलखात आलो तेव्हा तिखट रश्शाबरोबर गोड पाव हे मला विरुद्धाशन वाटलं होतं. आता रोलशिवाय चिली समोर आली की घरात सुतक असल्यासारखं वाटतं. निषेध नोंदवला. कक्षाचा व्यवस्थापक म्हणाला, "डॉक, तुमच्या वजनाची काळजी आम्हालाच करावी लागते."

अन्यायाखालोखालची बातमी अशी : इथल्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा मुख्य गडी) मोठ्या विद्यापीठाच्या आमिषाला भुलून गेला आणि त्याच्या जागी एमेट सोबोत्का नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा उभा राहणार आहे. चर्च आणि धान्याची कोठी एवढंच असलेल्या गावचा. आई वृद्धाश्रमात काम करते, वडील नाहीत. आज त्याचा सराव पाहिला. चेंडू त्याच्या हातातून सुटतो तेव्हा आवाज होत नाही.

ऑफिसात परतलो तर संपादिका मार्ज लिंडक्विस्ट वाटच बघत होती.

"दर मंगळवारी एक लेख. सोबोत्का आणि आपले जुने महारथी. कोण सरस?"

"अजून एकही सामना झालेला नाही, मार्ज."

"म्हणून तर आत्ता लिहायचं. सामने झाल्यावर सगळ्यांनाच कळतं."

उपमेला चार अंगं लागतात, असं पाठशाळेत गुरुजी सांगत. ज्याला उपमा द्यायची तो, ज्याची द्यायची तो, दोघांत समान असलेला धर्म, आणि 'जसा-तसा' हा शब्द. समान धर्म सापडला नाही तर तोंड उघडू नये. मार्जच्या मते 'जसा-तसा' पुरेसं आहे, बाकीची तीन अंगं वाचक घरून आणतात.

१० ऑगस्ट, गुरुवार

डार्लीनच्या खाणावळीत न्याहारी. समोर नेहमीप्रमाणे ड्वेन ट्रॅस्क. ज्याच्याशी सगळ्यांची तुलना होते तो हाच, आमच्या क्रौंच संघाचा एक्क्याऐंशी सालचा क्वार्टरबॅक. (संघाचं नाव इथल्या माळावर उतरणाऱ्या पक्ष्यांवरून आहे. क्रौंच हे भाषांतर माझं, आणि ते या दैनंदिनीबाहेर कुणी मान्य करणार नाही.) संस्कृत विभाग बंद पडून मी रस्त्यावर आलो, तेव्हा मार्जकडे शब्द टाकणारा हाच. म्हणाला होता, "या माणसाला आमच्या खेळातलं काही कळत नाही, पण चुका बरोबर सापडतात."

सध्या मी ड्वेनची शिकवणी घेतो. जूनमध्ये शहरातल्या डॉक्टरनं त्याला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि हा दोनावर अडकला. सप्टेंबरात पुन्हा परीक्षा. नापास झाला तर गाडीची किल्ली जाईल. शब्द त्याच्या बायकोच्या, लोइसच्या, लक्षात होते. मी त्याला आमची पाठशाळेची रीत शिकवतो आहे : कणीस घंटा, घंटा कणीस, कणीस घंटा, घंटा रुमाल, रुमाल घंटा, घंटा रुमाल. असं गुंफत नदीपर्यंत आणि शिडीपर्यंत जायचं. हजारो वर्षं ज्या युक्तीनं ऋचा टिकल्या, ती आता अंडी आणि टोस्टच्या मध्ये एका टायरच्या दुकानदाराला वाहनपरवाना टिकवायला उपयोगी पडते आहे. गुरुजी हसले असते, की छडी काढली असती?

आज सोबोत्का आला. नव्या क्वार्टरबॅकनं मोसमाआधी जुन्याबरोबर न्याहारी करायची आणि त्याचा कॉफीचा कप स्वतः भरायचा, ही इथली दीक्षा. मुलगा किटली घेऊन उभा होता आणि आमचा पाठ चालू होता. ड्वेन 'रुमाल'वर अडखळला. किटली खाली ठेवता ठेवता मुलानं पाचही शब्द म्हटले, मग उलटे म्हटले, मग एक सोडून एक.

"शिडी, रुमाल, कणीस. सॉरी, मिस्टर ट्रॅस्क. तोंडातून निघून गेलं."

ड्वेननं त्याच्याकडे पाहिलं. "सोमवारी तुमची ती डोक्याची परीक्षा आहे ना? कॉम्प्युटरवरची?"

"हो. चित्रं, शब्द, बटणं दाबायची. मोसमात डोक्याला मार लागला की तीच परत घेतात आणि ऑगस्टच्या गुणांशी ताडून बघतात. कमी पडले की बाहेर बसवतात."

"मग सोमवारी असली हुशारी पाजळू नकोस, बाळा. जांभई दे. खिडकीबाहेर बघ. आमच्या वेळी परीक्षा सोपी होती. डोक्याला मार लागला की संघाचा उपचारक, म्हातारा गस, किती बोटं विचारायचा आणि नेहमी दोनच दाखवायचा. आम्हाला बोटं दिसायची नाहीत, पण उत्तर ठाऊक होतं. दोन!"

डार्लीनसुद्धा हसली. "हे बघा, आणि हा म्हणे स्मरणशक्तीचा रोगी! राजा, अजून एक टोस्ट देऊ?"

छान सकाळ. मंगळवारच्या लेखाला मजकूर मिळाला.

१५ ऑगस्ट, मंगळवार

सोबोत्का वाचनालयासमोर भेटला. परीक्षा कशी गेली विचारलं. "वाईट," असं तो फार आनंदानं म्हणाला. "दोन शब्द आठवले, डॉक. बाई म्हणाल्या, नीट झोपत जा." ज्याला संघाच्या दीडशे चाली तोंडपाठ आहेत, त्याला पाच शब्द आठवू नयेत! परमेश्वर बुद्धी किरकोळीत विकतो, घाऊक देत नाही.

३ सप्टेंबर, रविवार

काल पहिला सामना. जिंकलो. मुलाची शेवटची फेक मी लिहून सांगू शकत नाही. तीन धिप्पाड माणसं अंगावर येत असताना तो चेंडू हातात धरून उभा राहिला, जणू पत्र टाकायला पेटी शोधतो आहे. मग पेटी सापडली.

चर्च सुटल्यावर गावातले म्हातारे नेहमीच्या बाकावर.

"ट्रॅस्कची सर नाही."

"ट्रॅस्कनं एवढ्या लांब कधी फेकला होता?"

"त्या वेळी वारा जास्त होता."

"वाऱ्याला काय, दर दहा वर्षांनी बढती मिळते का रे?"

६ सप्टेंबर, बुधवार

कालच्या लेखात मी लिहिलं की हाताच्या चपळाईत सोबोत्का ट्रॅस्कच्या पुढे आहे. लिहिताना मनात धाकधूक होती, आणि ती आज खरी ठरली. पोस्टात शिरत होतो, ड्वेन बाहेर येत होता. त्यानं माझ्यासाठी दार धरलं, मान झुकवली, "या सर, गुड मॉर्निंग," म्हणाला आणि चालता झाला. तीस वर्षांत त्यानं मला सर म्हटलेलं नाही. 'पंडित', 'गाढवा', 'अरे डॉक' एवढीच माझी पदवीमाला. किती थंड, किती मोजून केलेला अपमान! क्वार्टरबॅक कितीही म्हातारा झाला तरी कुठे मारायचं ते विसरत नाही.

उद्या न्याहारीला मीच आधी माफी मागेन.

७ सप्टेंबर, गुरुवार

माफी मागितली. ड्वेननं विचारलं, कशाबद्दल? मोठ्या मनाचा माणूस आहे.

१९ सप्टेंबर, मंगळवार

ड्वेनची परीक्षा झाली. लोइसच गाडी चालवत परत घेऊन आली. तो खाणावळीत शिरला तो लाल चेहऱ्यानं.

"त्यांनी शब्द बदलले, डॉक! तू दिलेले मी धडाधड म्हटले, सरळ, उलटे. तर तो कारटा म्हणतो, हे नाहीत. लबाडी आहे ही."

"कोणते दिले मग?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. "कणीस," तो म्हणाला. "घंटा."

लोइस दारातच थांबली होती. किल्ल्या तिच्या मुठीत होत्या. बाहेर पडताना मला म्हणाली, "तू पक्कं पाठ करून घेतलंस हं त्याच्याकडून. आता आंघोळ करतानाही तेच चालू असतं." मी म्हटलं, पाठशाळेची रीतच तशी आहे. ती म्हणाली, "बरं."

डॉक्टरांनी निदान आगाऊ सांगायला हवं होतं की प्रश्नपत्रिका बदलते.

४ ऑक्टोबर, बुधवार

पाच सामने, पाच विजय. मार्ज स्वतःहून कॉफी घेऊन टेबलाशी आली, म्हणजे अंकाचा खप वाढला असणार.

सोबोत्का भेटला. म्हणाला, "आई तुमचे लेख कापून फ्रिजवर लावते. पण डॉक, एक विचारू? दर वेळी शेवटी तुम्ही 'पण' लिहिता. हात ट्रॅस्कसारखा, पण. नजर ट्रॅस्कसारखी, पण. तो 'पण' कशाचा?"

मी म्हटलं, "लेखकाला कुठेतरी थांबावं लागतं."

"नाही, खरं सांगा."

वीस वर्षं शिकवलं. इतक्या गंभीरपणे प्रश्न विचारणारा विद्यार्थी मिळाला नव्हता. विचार करून सांगेन म्हटलं.

११ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं, लेखातच. एक्क्याऐंशीच्या अंतिम सामन्यात ट्रॅस्क असा आडवा पडला होता की त्याचं शिरस्त्राण एकीकडे आणि तो एकीकडे. उठला, मैदान सोडलं नाही, पुढच्याच चालीत जिंकवलं. त्यानंतर मी लिहिलं : 'सोबोत्का अजून पडलेलाच नाही. जो पडला नाही, त्याच्या उठण्याची तुलना कशी करावी? तेवढा "पण" शिल्लक आहे.' वाक्य बरं जमलंय. ड्वेनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "कोण पडला होता?" विनयही आहे माणसात.

१४ ऑक्टोबर, शनिवार

'पण' संपला!

दुसऱ्या सत्रात तो चेंडू फेकून मोकळा झाला होता, तेवढ्यात बाजूनं आलेल्या गड्यानं त्याला उचलून आपटलं. डोकं आधी टेकलं. आवाज काचेआड आमच्यापर्यंत आला. चाळीस हजार माणसं जागच्या जागी उभी. कणीस कापणीची धूळ दिव्यांत तरंगत होती, तीही थांबल्यासारखी वाटली. तो गुडघ्यावर आला, सोबत्याच्या खांद्याला धरून उभा राहिला. संघाचा उपचारक धावत आला, तर त्यानं काही विचारायच्या आधीच मुलानं हसत दोन बोटं वर केली! कुणाला कळलं नसेल, मला कळलं. ड्वेनची दोन बोटं! मग त्यानं मान वर करून थेट पत्रकार-कक्षाकडे पाहिलं. मी कुठे बसतो ते त्याला ठाऊक आहे.

खेळत राहिला. जिंकलो. इतका आनंद झाला की अर्धा रोलही पुरला.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

नियमाप्रमाणे काल त्याची डोक्याची परीक्षा पुन्हा झाली. आज कोच ब्रॅनिगन पत्रकारांसमोर खुशीत. "ऑगस्टपेक्षा बरे गुण मिळाले पठ्ठ्याला! मी इतरांनाही सांगितलंय, एकेकदा आपटून घ्या." कक्षभर हशा. मीही लेखात एक परिच्छेद टाकला : आघातानं बुद्धी वाढल्याचं हे पहिलंच शास्त्रीय उदाहरण, तेव्हा तत्त्वज्ञान विभागानं ही पद्धत विद्यार्थ्यांसाठी तातडीनं स्वीकारावी. मार्ज वाचताना मोठ्यानं हसली. ती एखाद्या राष्ट्राध्यक्षाच्या मृत्युलेखाखेरीज काही वाचताना हसत नाही.

२८ ऑक्टोबर, शनिवार

जिंकलो, कसेबसे. सोबोत्कानं खेळ थांबवायच्या तिन्ही संधी खर्चून कोचला चाल पुन्हा विचारली. मनगटावरच्या चालींच्या पट्टीकडे इतका वेळ बघत होता, जणू त्यावर लग्नाची कुंडली आहे. सामन्यानंतर काळा चष्मा लावून पत्रकारांसमोर बसला आणि दिवे कमी करायला सांगितले. कीर्तीचा पहिला वारा असाच लागतो. मी चिडवलं, "नटसम्राट, सही मिळेल का?" तो हसला, जरा उशिरा.

मग दारापाशी मला गाठून विचारलं, "तुम्ही ते पाठांतर कुठे शिकलात, डॉक?" हे त्यानं गेल्या आठवड्यातही विचारलं होतं. मी वाईजवळच्या पाठशाळेची सगळी हकिगत पुन्हा सांगितली आणि त्यानं ती पुन्हा तितक्याच उत्सुकतेनं ऐकली. आजकालच्या मुलांत हे सौजन्य दुर्मिळ.

८ नोव्हेंबर, बुधवार

लोइसकडे गेलो होतो. ड्वेन आता खाणावळीत रोज येत नाही. पुढल्या खोलीत टीव्हीवर एक्क्याऐंशीचा सामना लावला होता. लोइस म्हणाली, तो लावला की बसतो, नाहीतर घरभर किल्ल्या शोधतो.

"कोण जिंकतंय, ड्वेन?" मी विचारलं.

"आपले. हा सोबोत्का बरा आहे रे." पडद्यावर तो स्वतः होता, तेवीस वर्षांचा, केस मानेवर आलेले. मग ती चाल आली. शिरस्त्राण एकीकडे, माणूस एकीकडे. खुर्चीतला ड्वेन पुढे वाकला. "पडून राहा," तो म्हणाला. "अरे, पडून राहा ना. कुणीतरी सांगा त्या पोराला."

लोइसनं आवाज कमी केला. "रोज या जागी हेच म्हणतो," ती म्हणाली. "आणि तो रोज उठतो."

चहा घेतला. घरी आल्यावर आठवलं, छत्री तिथेच राहिली.

१५ नोव्हेंबर, बुधवार

शनिवारी अखेरचा सामना, शेजारच्या राज्याशी. एकही हार नाही. खाणावळीच्या काचांवर रंगानं '१०–०' रंगवलं आहे. आज लोइस ड्वेनला मुद्दाम घेऊन आली होती; मोसमाच्या अखेरीलाही नव्यानं जुन्याचा कप भरायचा असतो. एमेट आला, किटली उचलली आणि कप भरल्यावरही ओततच राहिला. डार्लीननं त्याचा हात धरला. "समुद्र करतोस का, राजा?"

तो माझ्या बाजूला बसला. खाली बघत, हळू आवाजात म्हणाला, "डॉक, मिस्टर ट्रॅस्कना शिकवलं होतंत ते मलाही शिकवा."

मला बरं वाटलं. खरंच लिहितो, बरं वाटलं. म्हटलं, "तुला कशाला रे? तू तर एकदा ऐकून उलटे म्हटले होतेस."

"चाली राहत नाहीत. कोच सांगतो, मी वळतो, पोरं माझ्याकडे बघत असतात, आणि... पट्टी आहे म्हणून निभतंय. शनिवारपुरतं बसवून द्या."

मी सुरुवात केली. तेच शब्द घेतले. दुसरे सुचले नाहीत. "कणीस घंटा, घंटा कणीस, कणीस घंटा. म्हण."

"कणीस घंटा. घंटा कणीस. कणीस घंटा."

"घंटा रुमाल, रुमाल घंटा, घंटा रुमाल. आता पहिल्यापासून."

"कणीस," तो म्हणाला. "घंटा."

मी थांबलो. त्याचे ओठ हलत होते. कपाळावर घाम होता, आणि बाहेर बर्फ. ऑगस्टात याच टेबलाशी किटली खाली ठेवायच्या आत ज्यानं हे पाचही शब्द उधळून परत झेलले होते, तो हा मुलगा.

"कणीस. घंटा." त्यानं डोळे मिटले. "थांबा, सांगू नका."

"रुमाल," ड्वेन म्हणाला. त्यानं टोस्टवरून मान वर केलेली नव्हती. "नदी. शिडी."

एमेट हसला. "बघा, अजून ट्रॅस्कच पुढे."

मी हसलो नाही. लोइस माझ्याकडे बघत होती, मला वाटतं बराच वेळ. मला एकेक गोष्ट आठवत गेली, आणि मी ती विनोद म्हणून कुठे कुठे छापली तेही. जांभई दे, खिडकीबाहेर बघ. दोन बोटं. ऑगस्टपेक्षा बरे गुण! ऑगस्टात तो मुद्दाम नापास झाला होता. ऑक्टोबरात त्यानं मनापासून पेपर दिला आणि त्या खोट्या गुणांच्या जेमतेम वर गेला.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

संघाच्या डॉक्टर हॅना ऑस्टर्मन यांच्याकडे सकाळीच गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. शेवटी विचारलं, "हे त्यानं तुम्हाला विश्वासानं सांगितलं का?"

"हो."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या, आणि फोन उचलला. "ऑगस्टच्या गुणांनी आम्हाला फसवलं. पण ते चौदा ऑक्टोबरचं आपटणं मी डोळ्यांनी पाहिलं होतं हो. मीही कागदाकडेच बघितलं."

दुपारी एमेट माझ्या ऑफिसात. मार्ज उठून बाहेर गेली. हे तिनं कधी केलेलं नाही.

"शनिवारचा एकच सामना होता, डॉक. एकच."

"त्यात पुन्हा मार लागला असता तर?"

"नसता लागला तर?" तो ओरडला, आणि ओरडल्याबरोबर दोन्ही हातांनी कपाळ धरलं. हळू बोलू लागला. "तो 'पण' तुम्हीच लिहिला होता. मी पडलो, उठलो, वर बघितलं. तुम्ही टाळ्या वाजवत होतात. मला दिसलं."

मी म्हटलं, "हो, वाजवत होतो."

"मग आता काय झालं?"

मी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली. तो गेला. जाताना दार इतक्या जोरात आपटलं की भिंतीवरचा ट्रॅस्कचा फोटो तिरका झाला.

१८ नोव्हेंबर, शनिवार

हरलो. एमेट कोचच्या मागे साध्या कोटात, काळा चष्मा लावून उभा होता. चिली घेतली नाही.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

बातमी कुणी फोडली कोण जाणे, गावाला कळलं आहे. बाकावरचे म्हातारे मी जवळ गेल्यावर हवामानाबद्दल बोलू लागले. एकच जण म्हणाला, "ट्रॅस्कच्या वेळी चुगलखोर नव्हते."

दुसरा म्हणाला, "असते तर बरं झालं असतं."

डार्लीन कॉफी ओतते, पण राजा म्हणत नाही.

मार्जनं मोसमाचा शेवटचा तुलनेचा लेख मागितला. मी म्हटलं, समान धर्म सापडला, पण लिहिणार नाही. तिनं कारण विचारलं नाही. म्हणाली, "मग त्या जागेत टायरची जाहिरात टाकते." मग जरा वेळानं, "नको, दुसरी कुठली तरी टाकते."

२२ नोव्हेंबर, बुधवार

एमेटच्या आईचा फोन आला. मी पाच मिनिटं ऐकून घ्यायची तयारी करून बसलो. ती एवढंच म्हणाली, "तो तुमच्यावर फार चिडलाय. चिडू द्या. जेवतो, झोपतो, पडदे लावून बसतो. शहरातले डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही." मग म्हणाली, "फ्रिजवरचे लेख मी काढले. राग मानू नका."

राग कसला.

२७ नोव्हेंबर, सोमवार

ड्वेनला भेटायला गेलो. त्यानं मला टायर विकायचा प्रयत्न केला. लोइसनं छत्री परत दिली.

परतताना पोस्टात गेलो. मी शिरत होतो, एमेट बाहेर येत होता. चष्मा नव्हता. त्याचा चेहरा मला पूर्ण दिसला, त्यालाही माझा दिसला असणार. मध्ये एका हाताचं अंतर होतं. मी थांबलो. तो दार आपटेल, निदान खांदा मारून जाईल असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होतो.

त्यानं माझ्यासाठी दार धरलं. मान झुकवली. "या सर," म्हणाला, "गुड मॉर्निंग." आणि बर्फातून, एकेक पाऊल जपून टाकत, निघून गेला.

मी बराच वेळ दारात उभा होतो. मागच्या बाईनं विचारलं, आत जायचंय की बाहेर.

सप्टेंबरात हेच दार, हेच शब्द, आणि मी समजलो होतो की ड्वेन रागावला आहे. आज तसंच समजावंसं वाटतं. एमेटनं मला जन्मभर क्षमा केली नाही तरी चालेल. तो रागावलेलाच असू दे. मला दुसऱ्या कशाची भीती नाही. एवढीच आहे की त्यानं मला ओळखलं नाही.